अमेरिकन क्रांतीतली पत्रं: सही लाखो डॉलरची, पण पत्र नेमकं कुणाचं?

२०१८ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात एका लिलाव कंपनीकडे एक जुनं पत्र विक्रीसाठी आलं. पत्रावर तारीख होती २१ जुलै १७८० आणि सही होती अलेक्झांडर हॅमिल्टन यांची. आज अमेरिकेच्या १० डॉलरच्या नोटेवर ज्यांचा चेहरा दिसतो, तेच हॅमिल्टन. अंदाज होता की पत्राला २५ ते ३५ हजार डॉलर मिळतील.

पण लिलाव झालाच नाही. पत्राची चौकशी करताना लक्षात आलं की हे पत्र मॅसॅच्युसेट्स राज्याच्या अभिलेखागारातून, म्हणजे सरकारी दफ्तरखान्यातून, कित्येक दशकांपूर्वी गायब झालं होतं. मग एफबीआय आली, पत्र जप्त झालं आणि प्रकरण कोर्टात गेलं.

ज्यांनी पत्र विकायला दिलं होतं, त्यांनी ते चोरलं नव्हतं. त्यांच्या घरात ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून होतं. नातेवाइकाने एका विक्रेत्याकडून पैसे मोजून घेतलं होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मग पत्र कुणाचं? पैसे देणाऱ्याचं की ज्याच्या कपाटातून ते गेलं त्या राज्याचं?

अमेरिकेत स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातल्या सैनिकांची आणि वकिलांची हस्तलिखित पत्रं जमवण्याचा नाद जवळपास २०० वर्षं जुना आहे. या नादामुळे हजारो पत्रं वाचली आणि याच नादापायी कित्येक पत्रांचे तुकडेही झाले. या सगळ्याची गोष्ट नेमकी काय आहे, ते समजून घेऊया.

हॅमिल्टन यांच्या त्या पत्रात काय होतं?

१७८० मध्ये ब्रिटनविरुद्धचं युद्ध जोरात होतं. हॅमिल्टन तेव्हा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या हाताखाली मदतनीस अधिकारी होते. अमेरिकेच्या मदतीला आलेलं फ्रेंच सैन्य नुकतंच ऱ्होड आयलंडला उतरलं होतं. ब्रिटिश फौज न्यूयॉर्कहून त्यांच्यावर चाल करून येण्याच्या तयारीत आहे, ही खबर हॅमिल्टन यांनी पत्रातून मार्की द लाफायेत यांना कळवली. लाफायेत म्हणजे अमेरिकेच्या बाजूने लढणारे तरुण फ्रेंच सरदार.

ही खबर पुढे जनरल विल्यम हीथ यांच्यामार्फत मॅसॅच्युसेट्सच्या सरकारपर्यंत पोहोचली. सोबत सैन्य पाठवण्याची मागणी होती. त्यामुळे हे पत्र राज्याच्या कागदपत्रांत जमा झालं आणि तिथेच राहिलं.

१९३७ ते १९४५ च्या दरम्यान त्याच अभिलेखागारात काम करणाऱ्या एका माणसाने तिथली अनेक मौल्यवान कागदपत्रं लांबवली आणि देशभरातल्या विक्रेत्यांना विकली. त्याला १९५० साली अटक झाली, पण सगळे कागद काही परत आले नाहीत. हॅमिल्टन यांचं पत्र त्यातलंच एक.

सैनिक आणि वकील यांचीच पत्रं का?

स्वातंत्र्याचा जाहीरनामा ४ जुलै १७७६ रोजी मंजूर झाला आणि त्यावर बहुतेकांनी २ ऑगस्टला सह्या केल्या. एकूण ५६ जणांच्या सह्या आहेत. त्यातले जवळपास निम्मे लोक वकिलीच्या पेशाशी संबंधित होते. नवा देश उभा करायचा म्हणजे राज्यघटना हवी, कायदे हवेत, करार हवेत. हे काम वकिलांच्या हातून झालं. आणि तो देश आधी मिळवायचा म्हणजे लढावं लागणार. ते काम सैनिकांनी केलं.

गंमत म्हणजे अनेकदा ही दोन माणसं नव्हतीच, एकच माणूस होता. हॅमिल्टन आधी लढले आणि १७८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वकील झाले. जॉन मार्शल हे व्हॅली फोर्जच्या छावणीत थंडीत कुडकुडलेले अधिकारी, पुढे तब्बल ३४ वर्षं अमेरिकेचे सरन्यायाधीश राहिले. जेम्स मन्रो १७७६ मध्ये ट्रेंटनच्या लढाईत जखमी झाले, नंतर कायदा शिकले आणि राष्ट्राध्यक्ष झाले. ॲरन बर हेही सैनिक आणि वकील.

याच हॅमिल्टन आणि बर यांनी १८०० साली न्यूयॉर्कच्या एका गाजलेल्या खून खटल्यात एकाच आरोपीची बाजू लढवली. चार वर्षांनी बर यांच्या गोळीने हॅमिल्टन यांचा जीव गेला. त्या काळी अब्रूच्या भांडणाचा निकाल पिस्तूल घेऊन समोरासमोर लावण्याची पद्धत होती, तिला द्वंद्व म्हणत. त्यातलंच हे एक.

फोन नाही, तार नाही, त्यामुळे या माणसांचे आदेश, भांडणं, उधारी, मैत्री सगळं पत्रांतच आहे. म्हणून त्यांची पत्रं संग्राहकांना हवी असतात.

हा नाद सुरू कसा झाला?

१८१५ च्या सुमाराची गोष्ट. विल्यम स्प्रेग नावाचा विशीतला तरुण व्हर्जिनियात वॉशिंग्टन यांच्या भाच्याच्या घरी शिकवणी घ्यायला राहिला होता. वॉशिंग्टन यांचं निधन १७९९ मध्ये झालं होतं आणि त्यांची कागदपत्रं पुतण्या बुशरॉड वॉशिंग्टन यांच्याकडे होती. हे बुशरॉड सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश होते.

स्प्रेग यांनी त्यांच्याकडे विचारणा केली, की यातली काही पत्रं मला नेता येतील का? बुशरॉड हो म्हणाले. अट एकच होती, जे पत्र न्याल त्याची नक्कल करून जागेवर ठेवा. स्प्रेग यांनी सुमारे १५०० पत्रं उचलली आणि नकला ठेवून दिल्या.

आज कुठल्याही अभिलेखागारात असं काही झालं तर लगेच पोलीस केस होईल. पण तेव्हाचा विचार असा होता की महत्त्वाचा आहे तो मजकूर. तो नक्कल करून ठेवला की झालं. मूळ कागदाला वेगळी किंमत आहे, ही समज अजून रुजायची होती. ती रुजली ती स्प्रेग यांच्यासारख्या संग्राहकांमुळेच. पुढे ते धर्मोपदेशक झाले, पण पत्रांचा नाद सुटला नाही. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या सगळ्या ५६ जणांच्या हस्ताक्षरांचा पूर्ण संच जमवणारे पहिले संग्राहक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

त्याच काळात जॉर्जियातल्या सव्हाना शहरात इझ्राएल टेफ्ट नावाचे गृहस्थ बँकेची नोकरी सांभाळून पत्रं गोळा करत होते. १८३९ मध्ये स्थापन झालेल्या जॉर्जिया हिस्टॉरिकल सोसायटीच्या संस्थापकांत तेही होते. न्यूयॉर्कचे डॉक्टर थॉमस ॲडिस एमेट यांनी तर आयुष्यभर जमवलेला प्रचंड संग्रह १८९६ मध्ये विकला. तो जॉन एस. केनेडी यांनी विकत घेऊन ग्रंथालयाला भेट दिला. आज तो न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहे आणि अभ्यासकांना पाहता येतो.

हे वाचताना मराठी माणसाला वि. का. राजवाडे आठवले तर नवल नाही. त्यांनीही गावोगाव फिरून, वाड्यांच्या माळ्यांवरून आणि जुन्या दफ्तरांतून मराठेशाहीची पत्रं गोळा केली आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. फरक इतकाच की राजवाड्यांना त्या पत्रांतून इतिहास लिहायचा होता. अमेरिकेतल्या अनेक संग्राहकांना आधी हवी होती सही.

५६ सह्यांचा संच आणि बटन ग्विनेट

क्रिकेटच्या कार्डांचा संच जमवला असेल तर ही भानगड पटकन कळेल. ५५ कार्डं असतात आणि एकच मिळत नाही. मग त्या एका कार्डाची किंमत बाकी सगळ्यांपेक्षा जास्त होते.

जाहीरनाम्याच्या संचातलं ते कार्ड म्हणजे बटन ग्विनेट. नाव विचित्र वाटलं तरी खरं आहे. हे जॉर्जियाचे व्यापारी. सही केल्यानंतर वर्षही झालं नव्हतं, तोच मे १७७७ मध्ये लॅकलन मॅकिंटॉश या सेनाधिकाऱ्याशी त्यांचं द्वंद्व झालं. ग्विनेट जखमी झाले आणि तीन दिवसांनी वारले. जगात त्यांच्या जेमतेम ५० च्या आसपास सह्या माहीत आहेत आणि त्यातल्या बहुतेक संस्थांच्या ताब्यात आहेत.

त्यामुळे भाव चढत गेले. १९२७ मध्ये ग्विनेट यांची सही असलेलं एक पत्र ५१ हजार डॉलरला गेलं. २०१० मध्ये त्यांची सही असलेला एक कागद ७ लाख २२ हजार ५०० डॉलरला विकला गेला. आजच्या हिशेबाने सहा कोटी रुपयांहून जास्त.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ग्विनेट यांनी इतिहासात फार मोठं काही केलं म्हणून ही किंमत नाही. ते लवकर गेले आणि त्यांनी कमी सह्या केल्या, म्हणून ही किंमत आहे. वॉशिंग्टन किंवा जेफरसन यांनी आयुष्यभरात हजारो पत्रं लिहिली. त्यामुळे त्यांचं एखादं साधं पत्र ग्विनेट यांच्या सहीपेक्षा कितीतरी स्वस्तात मिळू शकतं.

जपलं की कापलं?

संचातलं दुसरं अवघड नाव आहे थॉमस लिंच ज्युनियर. दक्षिण कॅरोलिनाचे हे तरुण. लंडनला जाऊन कायदा शिकले, पण वकिली केली नाही. युद्धात कॅप्टन झाले, तापाने खंगले आणि १७७९ मध्ये प्रकृती सुधारावी म्हणून बायकोसोबत जहाजाने निघाले. ते जहाज पुन्हा कुणालाच दिसलं नाही. लिंच तेव्हा तिशीतच होते.

त्यांची पत्रं जवळपास राहिलीच नाहीत. पण त्यांना पुस्तकांवर नाव लिहायची सवय होती. मग संग्राहकांनी काय केलं? पुस्तकातून नावापुरता तुकडा कापून घेतला. आज लिंच यांच्या म्हणून ज्या सह्या जपल्या आहेत, त्यातल्या बऱ्याचशा अशा कात्रणाच्याच आहेत. लिंच कोणती पुस्तकं वाचत होते, हे सांगणारा पुरावा त्या कात्रीने विस्कटून टाकला.

याहून मोठा घाव घातला तो एका इतिहासकाराने. जॅरेड स्पार्क्स यांनी १८३४ ते १८३७ मध्ये वॉशिंग्टन यांचं लेखन १२ खंडांत छापलं. त्यासाठी मूळ कागदपत्रं त्यांच्या हाती होती. त्यात राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या भाषणाचा एक लांबलचक मसुदाही होता. वॉशिंग्टन यांनी तो स्वतःच्या हाताने लिहिला होता, पण प्रत्यक्ष भाषणात वापरला नव्हता. स्पार्क्स यांना वाटलं, हा मसुदा वापरलाच नाही, मग त्याचं काय करायचं? हस्ताक्षर मागायला येणाऱ्यांना त्यांनी त्याचे तुकडे कापून वाटले.

म्हणजे देशाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाला सुरुवातीला काय बोलायचं होतं, हे आज अभ्यासकांना तुकडे जुळवून समजून घ्यावं लागतं. प्रत्येक तुकडा मिळालेल्या माणसाने तो नक्कीच जिवापाड जपला असेल. पण सगळ्यांनी मिळून जे हरवलं, ते कुणा एकाच्याही फ्रेममध्ये नाही.

कोणतं पत्र भारी, कोणतं साधं?

या बाजारात सगळी पत्रं सारखी नसतात. ढोबळमानाने चार प्रकार.

पहिला, संपूर्ण पत्र त्या व्यक्तीने स्वतः लिहिलेलं आणि खाली सही केलेलं. याला सर्वाधिक मान.

दुसरा, मजकूर लेखनिकाचा आणि सही साहेबांची. युद्धकाळातली वॉशिंग्टन यांची बरीच पत्रं अशीच आहेत. त्यांच्याकडे हॅमिल्टन, टेंच टिल्घमन यांच्यासारखे मदतनीस होते. आपल्याकडच्या चिटणिसांसारखंच काम. त्यामुळे कधी कधी एकाच कागदावर दोन नामांकित हस्ताक्षरं मिळतात, मजकूर हॅमिल्टन यांचा आणि सही वॉशिंग्टन यांची. मराठेशाहीच्या पत्रांत अस्सलपणा शिक्का आणि मोर्तब पाहून ठरायचा. इथे तो भार सहीवर आहे.

तिसरा, कामकाजाचे कागद. पगाराचे आदेश, पावत्या, कोर्टाचे कागद, जमिनीचे दस्त. उदाहरणार्थ, कनेक्टिकट राज्याने सैनिकांचा पगार आणि इतर खर्च चुकता करण्यासाठी काढलेले आदेश आजही बाजारात बऱ्यापैकी मिळतात. त्या कामाच्या समितीत ऑलिव्हर एल्सवर्थ नावाचे वकील होते, जे पुढे देशाचे तिसरे सरन्यायाधीश झाले. नवशिक्या संग्राहकाला परवडणारी सुरुवात बहुतेक वेळा अशाच कागदांपासून होते.

चौथा, नुसती कापलेली सही. सगळ्यात खालचा दर्जा.

पण प्रकारापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे मजकूर. जेवणाच्या आमंत्रणाबद्दल आभार मानणारं पत्र आणि लढाईच्या आदल्या रात्री लिहिलेलं पत्र, दोन्हीवर सही एकच असली तरी किंमत एक नसते. वॉशिंग्टन यांनी नोव्हेंबर १७८७ मध्ये आपल्या पुतण्याला, म्हणजे वर आलेल्या बुशरॉड यांनाच, नव्या राज्यघटनेच्या बाजूने लिहिलेलं पत्र २००९ मध्ये ३२ लाख डॉलरला गेलं, ते याच कारणाने.

आणि फॅशनही असतेच. २०१५ मध्ये हॅमिल्टन यांच्या आयुष्यावरचं संगीत नाटक ब्रॉडवेवर तुफान गाजलं. २०१७ च्या जानेवारीत त्यांच्या कुटुंबाकडे असलेल्या पत्रांचा आणि कागदांचा लिलाव झाला, तेव्हा २६ लाख डॉलर जमा झाले.

जिथे पैसा, तिथे नकली माल

किंमत वाढली की नकली माल येतोच. १९व्या शतकात फिलाडेल्फियात रॉबर्ट स्प्रिंग नावाचा एक पुस्तकविक्रेता होता. मूळचा इंग्लंडचा. वॉशिंग्टन यांच्या सहीचे परवाने आणि धनादेश तो स्वतःच तयार करायचा. जुन्या पुस्तकांतली कोरी पानं फाडून घ्यायची, त्यावर वॉशिंग्टन यांच्या वळणात लिहायचं आणि कॉफीच्या गाळाने कागदाला जुनाट रंग द्यायचा.

पुढे त्याने आणखी एक शक्कल काढली. यादवी युद्धात मारले गेलेले दक्षिणेचे सेनापती स्टोनवॉल जॅक्सन यांची गरीब मुलगी म्हणून तो इंग्लंडमधल्या लोकांना पत्रं पाठवायचा, की वडिलांचा संग्रह नाइलाजाने विकावा लागतोय. लोक दयेपोटी विकत घ्यायचे. १८६९ मध्ये तो पकडला गेला आणि १८७६ मध्ये कंगाल अवस्थेत मेला. आज त्याने बनवलेली खोटी पत्रंही लोक जमवतात, स्प्रिंगचं काम म्हणून.

पण प्रत्येक वेळी गोष्ट इतकी मजेशीर नसते. १९८० च्या दशकात युटा राज्यातल्या मार्क हॉफमन याने धार्मिक कागदपत्रांपासून ग्विनेट यांच्या सहीपर्यंत असंख्य गोष्टी बनावट तयार केल्या. बिंग फुटायची वेळ आली तेव्हा त्याने बॉम्ब ठेवले. ऑक्टोबर १९८५ मध्ये सॉल्ट लेक सिटीत दोन जणांचा जीव गेला. त्याच्या कागदांची शाई सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर तिला बारीक भेगा पडलेल्या दिसल्या. शाई कृत्रिमरीत्या जुनी केल्याची ती खूण होती. हॉफमन आजन्म तुरुंगात गेला.

मग खरं पत्र ओळखायचं कसं? तज्ज्ञ काही साध्या गोष्टी आधी पाहतात.

कागद: त्या काळचा कागद सुती आणि तागाच्या चिंध्यांपासून हाताने बनायचा. उजेडासमोर धरला की साच्यातल्या तारांच्या समांतर रेषा आणि अनेकदा कारखान्याची पाणखूण दिसते. लाकडाच्या लगद्याचा कागद १९व्या शतकाच्या मध्यावर आला. तसल्या कागदावर १७७६ ची तारीख असेल तर पुढे काही पाहायलाच नको.

शाई: तेव्हाची शाई लोहाचे क्षार आणि ओक झाडावरच्या गाठींपासून बनायची. लिहिताना काळसर, काळानुसार तपकिरी. ती कागदात मुरते, कधी कधी कागद खातेही. जुन्या कागदावर आज लिहिलं तर शाई पसरते, कारण कागदावरचं मूळ आवरण विरलेलं असतं.

घडी: तेव्हा पाकिटं सर्रास वापरात नव्हती. पत्रालाच घडी घालून, बाहेर पत्ता लिहून लाखेने बंद करायचे. म्हणजे मजकूर आधी आणि घडी नंतर. घडीच्या चिरेत शाई झिरपलेली दिसली, तर कुणीतरी आधीच घडी पडलेल्या जुन्या कागदावर नंतर लिहिलंय.

हात: खरी सही वेगात होते. नकला करणारा सावकाश काढतो. रेषा थरथरते किंवा मध्येच थांबल्याच्या खुणा दिसतात.

या सगळ्यानंतरही एक प्रश्न उरतो आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. हे पत्र लिहिल्यापासून आजवर कुणाकुणाकडे होतं?

पत्राचा प्रवास का महत्त्वाचा?

पुन्हा हॅमिल्टन यांच्या पत्राकडे येऊ. ते बनावट नव्हतं. कागद खरा, शाई खरी, सही खरी. तरीही ते विकता आलं नाही, कारण त्याच्या प्रवासात मधली एक कडी चोरीची होती.

कोर्टासमोर प्रश्न होता की पैसे देऊन, चांगल्या हेतूने घेतलेली वस्तू घेणाऱ्याची होत नाही का? अमेरिकी कायद्याचं साधं तत्त्व आहे की जे चोराचंच नाही, ते चोर दुसऱ्याला देऊ शकत नाही. विकत घेणारा कितीही प्रामाणिक असला तरी मालकी त्याच्याकडे येत नाही. त्यात हे राज्याच्या कारभाराचं कागदपत्र, ते असं विकताच येत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये अपील कोर्टाने निकाल दिला की पत्र मॅसॅच्युसेट्सचं आहे. ४ जुलै २०२२ रोजी ते बॉस्टनमध्ये लोकांना पाहण्यासाठी ठेवण्यात आलं.

अशी ही एकच केस नाही. नागरिकांच्या मूलभूत हक्कांच्या कायद्याची उत्तर कॅरोलिना राज्याकडे असलेली प्रत १८६५ मध्ये यादवी युद्धाच्या शेवटी एका सैनिकाने उचलून नेली. ती २००३ मध्ये एफबीआयने ग्राहक असल्याचा सापळा रचून परत मिळवली. १३८ वर्षांनीही ती ‘सापडलेली वस्तू’ झाली नाही, चोरीचीच राहिली.

म्हणून जाणकार संग्राहक आज सहीआधी कागदपत्रांचा माग मागतात. आधी कुणाकडे होतं, कधी विकलं गेलं, कुठल्या लिलावाच्या यादीत छापलं गेलं. कडेला एखाद्या संस्थेचा शिक्का खोडलेला दिसला, तर तो कागद हातात न घेतलेला बरा.

भारतात नियम आणखी कडक आहेत. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक मूल्य असलेली ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखितं आणि दस्तऐवज पुरावशेष ठरतात आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. घरच्या ट्रंकेत मोडीतले जुने कागद असतील, तर त्यांना लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका आणि उन्हात फ्रेम करून टांगू नका. खुद्द अमेरिकेच्या जाहीरनाम्याची मूळ प्रत १८४१ पासून ३५ वर्षं खिडकीसमोर टांगून ठेवली होती. आज त्यावरच्या सह्या जेमतेम दिसतात.

एक रुपयाही न देता ही पत्रं कुठे वाचायची?

लाखो डॉलर नसले तरी चालतं. ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर वॉशिंग्टन, हॅमिल्टन, जेफरसन, ॲडम्स, फ्रँकलिन, मॅडिसन यांची १ लाख ८० हजारांहून जास्त पत्रं आणि कागद छापील अक्षरांत मोफत वाचता येतात. २०१३ पासून ते सगळ्यांना खुलं आहे.

आणि ज्यांच्या सहीला बाजारात भाव नाही, त्या साध्या शिपायांचं काय? १८३२ च्या कायद्यानंतर हजारो म्हाताऱ्या सैनिकांनी पेन्शनसाठी कोर्टात जाऊन आपली कहाणी सांगितली. कुठे लढलो, कोण सोबत होतं, कुठे जखम झाली. पुरावा म्हणून कुणी जुनी पत्रं जोडली, कुणी घरच्या बायबलमधलं जन्मनोंदीचं पान फाडून दिलं. अशा सुमारे ८० हजार फायली राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

त्या आता स्कॅन झाल्या आहेत, पण वळणदार जोडअक्षरात आहेत आणि नव्या पिढीतल्या अनेक अमेरिकनांना ती लिपी वाचता येत नाही. आपल्याकडे मोडीचं जे झालं, तसंच काहीसं. म्हणून २०२३ पासून अभिलेखागाराने लोकांनाच साद घातली आहे, की ऑनलाइन या, एक पान उघडा, वाचा आणि टाइप करा. त्यासाठी अमेरिकेत राहावं लागत नाही. कॉन्व्हेंटमध्ये चार रेघी वहीत गिरवलेलं जोडअक्षरी इंग्रजी आठवत असेल, तर पुण्यात किंवा पणजीत बसूनही ते काम करता येतं.

त्या फायलींत अनेक ठिकाणी सहीच्या जागी फक्त एक फुली आहे. लिहिता न येणाऱ्या सैनिकाने कारकुनासमोर काढलेली. लिलावात तिला कुणी बोली लावणार नाही. पण ती फुली ज्या कागदावर आहे, तो कुणी कापलेला नाही, त्याचा प्रवास पहिल्या दिवसापासून माहीत आहे आणि तो सगळ्यांच्या मालकीचा आहे.